समुद्र कुठे पळून जातोय?

तंबाखूच्या दुकानात रेल्वेचं तिकीट मागितलं, ही सावेरियाची पहिली चूक. ते गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मागितलं, ही दुसरी. त्या वेळी सान नीलो मरीनाचं निम्मं गाव सिगारेट, लॉटरी आणि दुसऱ्यांच्या भानगडी घ्यायला तिथेच उभं असतं.

पण बिचारीचा इलाज नव्हता. स्टेशनावरची तिकीट खिडकी बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. राजधानीतल्या कुणा साहेबाने, ज्याने जन्मात इकडच्या गाडीत बूड टेकलं नसेल, नकाशावर पेन्सिल फिरवली आणि आमच्या किनाऱ्यावरच्या खिडक्या एका दुपारीत मिटल्या. तेव्हापासून तिकीट तंबाखूवाल्याकडे मिळतं. मिठाची पिशवी, काडेपेटी, तिकीट, सगळं एकाच फळीवर.

त्या बंद झालेल्या खिडकीच्या आत एकतीस वर्षं जी बाई बसली होती, तीच ही सावेरिया. डॉक्टर दर मंगळवारी सिदेर्नोला कुणाकडे जातात, सुताराच्या पोरीने पहाटेचं एकेरी तिकीट का काढलं, हे सगळं तिच्या पोटात होतं आणि पोटातच राहिलं. आणि आता अडुसष्टाव्या वर्षी तिने स्वतःसाठी आयुष्यातलं पहिलं तिकीट मागितलं, तर तंबाखूवाला मीको दुकानाच्या छपराला ऐकू जाईल असा ओरडला, "रोचेल्ला? जाऊन-येऊन? सावेरियामावशी, तुम्ही? ट्रेनने?"

"हळू बोल रे मेल्या."

"हळूच तर बोलतोय!" मीको ओरडला. "कोण आजारी आहे का तिकडे?"

"कुणी नाही."

"मग वारलं का कुणी?"

"कुणी वारलं नाही. फिरायला चाललेय. वाटेत ब्रांकालेओनेला उतरेन, लोक्रीला उतरेन. समुद्र बघेन."

दुकानातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "समुद्र तर आपल्या दारात आहे."

आहे. पण त्याला सरकारने काँक्रीटचे ठोकळे घातलेत. वाळू वाहून जाते म्हणून ठोकळे घातले, आणि ठोकळे घातल्यावर उरलेली वाळूही गेली. सान नीलोच्या समुद्रात पाय बुडवायचा तर आधी पाय मोडून घ्यावा लागतो.

आणि सावेरियाला हवा होता तो हा समुद्र नव्हताच. दिवसातून सहा वेळा, एकतीस वर्षं, तिने भोंग्यासमोर तोंड नेऊन गावांची नावं घेतली होती. "गाडी फलाटावर येत आहे. बोवा, ब्रांकालेओने, बियांको, बोवालीनो, लोक्री, सिदेर्नो, रोचेल्ला, मोनास्तेराचे, सोवेरातो, कातान्झारो लीदो." जपमाळ ओढावी तशी. यातलं एकही गाव तिने पाहिलेलं नव्हतं. लोक सकाळी तिकीट घेऊन जायचे आणि संध्याकाळी भाजलेल्या नाकांनी परत यायचे. उतरताना त्यांच्या चपलांतून वाळू सांडायची. ब्रांकालेओनेची बारीक, रोचेल्लाची जाडी. ती झाडून काढणं हेही तिच्याच कामात होतं. एकतीस वर्षं त्या बाईने दुसऱ्यांच्या पायांची वाळू झाडली.

नवरा कोसिमो याच्याकडे मोटार होती. मोटार होती म्हणजे काय, तर तिच्याखेरीज त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. शनिवारी तो ती धुवायचा आणि रविवारी सावेरियाला तिच्यात बसवून डोंगरावर आपल्या आईकडे न्यायचा. एकवीस वळणं वर, एकवीस वळणं खाली, आणि समुद्र कायम सावेरियाच्या पाठीमागे. एकदा ती म्हणाली होती, "ट्रेनने लोक्रीला जाऊ या का?" तर म्हणाला, "ट्रेन भिकाऱ्यांसाठी असते. आपल्याकडे मोटार आहे." मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम मेलेल्या नवऱ्यांनीच केलेला असणार.

घरी पोचली तर फोन वाजत होता. मुलगी, तेक्ला.

"मम्मा! ट्रेनने? ऑगस्टात? घरात जावयाची मोटार असताना? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीला अजून पाय आहेत."

"फोर्तुनातो तुला दोन तासांत सगळा किनारा दाखवेल. गार हवा लावून. काचा बंद करून."

"म्हणूनच," सावेरिया म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने कपाटातून छोटी कापडी पिशवी काढली. एक टॉवेल, एक पाण्याची बाटली, एक पीच. बस. कोसिमोच्या गाडीत ती नेहमी मांडीवर काहीतरी घेऊनच बसायची, कधी चीजचा गोळा, कधी सासूचा सुका माल. या वेळी हात मोकळे हवे होते. मोकळ्या हातांनी तीन गावं, तीन समुद्र, आणि परत.

दारावर थाप पडली. शेजारीण पास्क्वालीना, छातीशी दोन बरण्या धरून.

"तू ब्रांकालेओनेला उतरणारच आहेस असं कळलं. एवढं माझ्या बहिणीला, निनुत्साला दे. तेलातली वांगी आहेत. आणि हे सॉसेज. आणि बाई, बरण्या सरळ धर, तेल गळतं."

"पास्क्वालीना, मी समुद्र बघायला चाललेय गं."

"मग बघ ना! समुद्र कुठे पळून जातोय?"

आता इथला रिवाज ठाऊक हवा. आमच्याकडे माणूस लग्नाची मागणी नाकारू शकतो, कोर्टाचं समन्स तर सगळेच नाकारतात, पण कुणी हातात ठेवलेलं पार्सल नाकारता येत नाही. आणि गंमत अशी, की ज्याच्याकडे मोटार आहे त्याला कुणी पार्सल देत नाही. मोटारवाल्याला दिलं की त्याचे उपकार होतात, पेट्रोलची गोष्ट निघते, तो पार्किंगबद्दल रडतो आणि पुढची तीन वर्षं ऐकवतो. ट्रेनचं तसं नाही. ट्रेन जातेच आहे. जो ट्रेनने जातो तो स्वतःसाठी जातोय असं आमच्याकडे कुणी धरतच नाही.

पास्क्वालीनाच्या मागोमाग मीको आला. एका हातात पाच लिटर तेलाचा डबा, दुसऱ्या हातात झाकण घट्ट लावलेला पेला. पेल्यात पाणी, पाण्यात कवळी.

"हे काय रे?"

"जेसुआल्दोकाकांची. लोक्रीचे. रविवारी बारशाला आले होते ना, गाणं म्हणायला काढून ठेवली आणि विसरले. चार दिवस सूप पितायत मावशी. तुमच्या पाया पडतो."

"तुझा भाऊ दर बुधवारी मोटारीने लोक्रीला जातो की!"

"त्याला कोण सांगणार?" मीको म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

शेवटी पाद्रीबाबा आले. त्यांच्या काखेत संत नीलोची काचेची तसबीर होती, दीड हात लांब, रोचेल्लाच्या मठातल्या बहिणींसाठी, म्हणजे नन्ससाठी. "सावेरिया, तू संताला घेऊन जात नाहीयेस," ते डोळे मिटून म्हणाले, "संत तुला घेऊन जातोय." ते काही खरं नव्हतं. संताचं वजन सहा किलो होतं.

*

सकाळी सहा पन्नासच्या गाडीत तिला दोघांनी ढकलून चढवलं. इंजिन डिझेलचंच होतं, धूर सोडणारं, कारण विजेच्या तारा आमच्या वाटेवर येता येता थकून मेलितोलाच थांबल्या आहेत. रूळही एकच. समोरून गाडी आली की आपण बाजूला उभं राहायचं. इथली माणसं तशीच जगतात.

तिकीट तपासनीस नीकोदेमो केस पिकलेला होता. तो तिला पाहून दारातच थांबला. "दोन्ना सावेरिया! तुम्ही गाडीत? तुम्हाला मी खिडकीतच पाहिलंय. मला वाटायचं तुम्हाला पाय नसतील."

"आहेत. आज वापरायचेत."

"आता ते यंत्र बोलतं फलाटावर. ब्रांकालेओने असं म्हणतं, जसं काही औषधाचं नाव. तुम्ही म्हणायचात तेव्हा उतरावंसं वाटायचं."

सावेरिया लाजली. मग गाडी एका वळणावरून बाहेर आली आणि उजवीकडे समुद्र उघडला, थेट डब्याला लागून, मधे ना भिंत ना ठोकळे. ती उठून खिडकीशी जाणार तोच तेलाचा डबा कलंडला. तिने डबा धरला तर तसबीर घसरली. तसबीर धरली तर पेल्यातली कवळी खुळखुळली. दोन्ही गुडघ्यांत डबा, काखेत संत आणि हातात दात अशा अवस्थेत तिने मान वळवली, तेव्हा बोगदा आला होता.

ब्रांकालेओनेच्या फलाटावर निनुत्सा आधीच उभी. पास्क्वालीनाने रात्रीच फोन केलेला.

"आधी घरी! कॉफी!"

"बाई, मी जरा समुद्रावर…"

"या सामानासकट? तुला काय वेड लागलंय? चल. समुद्र कुठे पळून जातोय?"

निनुत्साच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांची दारं घट्ट लावलेली होती, ऊन येतं म्हणून. आमच्याकडे ऑगस्टात समुद्रकाठची घरं अशी मिटून घेतात, जणू समुद्र वसुलीला आलाय. कॉफी झाली, बिस्किटं झाली, अंडी झाली, निनुत्साच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सावेरियाला ब्रांकालेओनेचा समुद्र दिसला तो भिंतीवरच्या कॅलेंडरात, आणि तोही मार्च महिन्याचा.

"किती लांब आहे गं इथून?" तिने विचारलं.

"काय?"

"समुद्र."

"हा काय, मागच्या दाराला लागून. कोण जातं मेलं तिकडे! खा."

निघताना निनुत्साने दोन बरण्या रिकाम्या करून, धुऊन, अंजिराच्या मुरंब्याने भरल्या. रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं, हा दुसरा रिवाज. सॉसेजच्या बदल्यात एक पिवळं खरबूज आलं. "आणि लोक्रीला जातेच आहेस, तर ही टोमॅटोची टोपली जेसुआल्दोंना दे. बिचारे सूपच पितायत ना." सावेरिया दोन बरण्या आणि एक सॉसेज द्यायला उतरली होती. दोन बरण्या, एक खरबूज आणि एक टोपली घेऊन चढली. शाळेत शिकवलेली वजाबाकी आमच्या किनाऱ्यावर चालत नाही.

फोन वाजला. "मम्मा, कशी आहेस? समुद्र बघितलास?"

"बघितला."

"कसा होता?"

"मार्च महिन्यातला," सावेरिया म्हणाली.

*

लोक्रीला जेसुआल्दो स्वतः फलाटावर आले होते. काळा कोट घातलेला, तोंडावर पांढरा रुमाल. चार दिवसांत ते कुणासमोर बोलले नव्हते. त्यांनी पेला हातात घेतला, पाठ फिरवली, आणि पुन्हा वळले तेव्हा दहा वर्षांनी तरुण झालेले होते.

"आता," ते गंभीरपणे म्हणाले, "जेवू."

"जेसुआल्दोभाऊ, अकराच वाजलेत. मी आधी जरा पाण्यात पाय बुडवून येते. पाच मिनिटं."

"बाईसाहेब, या दातांना चार दिवस काम नाही. तुम्ही त्यांना आणखी पाच मिनिटं थांबवणार? समुद्र काय, समुद्र कुठे पळून जातोय?"

त्यांची बहीण ओर्तेन्सिया हिने चार दिवसांचं एकदम रांधून ठेवलं होतं. बकऱ्याच्या रश्श्यातली मकारोनी, भरली वांगी, तळलेले मासे, त्यावर पुन्हा वांगी. जेसुआल्दो खात होते आणि एकट्याने खाणं शोभत नाही म्हणून सावेरियालाही खावं लागत होतं. दोन वाजता तिने उठायचा प्रयत्न केला, पण खुर्चीने साथ सोडली नाही.

"कुठे निघालात? या उन्हात?" ओर्तेन्सियाने तिचा दंड धरला. "उद्या गाव म्हणेल, जेसुआल्दोने पाहुणीला भर दुपारी बाहेर हाकललं. आत चला. आडव्या व्हा."

"मला झोप येत नाही हो दुपारची."

"इथे येते," ओर्तेन्सिया म्हणाली आणि तिला आतल्या खोलीत एका उंच पलंगावर घालून बाहेरून दार ओढून घेतलं.

खोलीत अंधार होता. खिडकीच्या फळ्यांमधून उन्हाच्या चार रेघा भिंतीवर पडल्या होत्या आणि त्या हलत होत्या, पाणी हलतं तशा. सावेरिया कान देऊन पडली. समुद्र ऐकू येत होता. अगदी जवळ. एक लाट यायची, थांबायची, वाळू मागे ओढत न्यायची, आणि त्या ओढण्याचा आवाज तिला असा काही लागला की तिने पांघरूण तोंडावर घेतलं. बाहेर बायका हसत होत्या. कुणीतरी कुणावर पाणी उडवलं. एवढी नावं घेतली त्या नावांपैकी एका गावात ती आली होती, आणि आली ती कशासाठी, तर दुसऱ्याचे दात पोचवून झोपायला.

ती हळूच पलंगाखाली उतरली आणि अनवाणी पाय फरशीवर ठेवले. फरशी गार होती. डोळे मिटून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, एक पाय पुढे, एक मागे. मग तिला स्वतःचीच चीड आली, ती पुन्हा पलंगावर बसली आणि बसल्या बसल्या, मकारोनीच्या भाराने, खरंच झोपली.

"उठा! पाच पंचवीसची गाडी!" ओर्तेन्सिया तिला हलवत होती. "दादा, डबा आणा!"

तेलाच्या डब्यात तेलाऐवजी आता मीकोसाठी वाइन होती. टोमॅटोच्या टोपलीत कांद्यांच्या वेण्या होत्या. वर उरलेली भरली वांगी ओर्तेन्सियाच्या चांगल्या काचेच्या भांड्यात. "हे भांडं मात्र परत हवं हं, आईचं आहे." बहिणींच्या मठासाठी दोन कोंबड्या, सुदैवाने शिजवलेल्या. एक उशी, कशासाठी ते कुणीच सांगितलं नाही. तिची पिशवी धरून सगळे अकरा नग झाले.

"जाता जाता दोन मिनिटं समुद्रावरून…" सावेरिया म्हणाली.

"गाडी चुकेल!" दोघं एका सुरात ओरडली.

*

सिदेर्नो गेलं. रोचेल्ला पुढे होतं, तिथे खडकावर किल्ला आहे आणि किल्ल्याच्या पायाशी ती जाडी वाळू. साडेसातच्या सुमारास परतीची शेवटची गाडी. सावेरियाने हिशेब केला. मठात तसबीर द्यायला अर्धा तास, बहिणी कॉफी पाजणार त्याचा एक तास. उरली दहा मिनिटं. दहा मिनिटं खूप झाली.

तेवढ्यात गाडीने एक उसासा टाकला आणि ती थांबली. ना स्टेशन, ना फाटक, ना घर. डावीकडे मोटाररस्ता, उजवीकडे समुद्र, आणि मधे आमचा एकुलता एक रूळ.

नीकोदेमो, जो सकाळची फेरी मारून पुन्हा याच गाडीवर आला होता, डब्यातून घाम पुसत गेला. "इंजिन गेलं. दुसरं येतंय. तासभर लागेल. कुणी उतरायचं नाही, नियम आहे." मग त्याने डब्यातल्या उकाड्याकडे पाहिलं, लोकांच्या तोंडांकडे पाहिलं आणि दार उघडलं. "मी काही पाहिलं नाही."

सगळा डबा रिकामा झाला. पोरं, आया, दोन सैनिक, कुबडी घेतलेला एक म्हातारा, सगळे बांध उतरून समुद्राकडे धावले. तीस पावलं. सावेरियाने खिडकीतून मोजली. फक्त तीस.

ती उठली, आणि अकरा नगांकडे पाहून पुन्हा बसली.

सोपवलेली वस्तू नजरेआड करायची नाही, हे तिने एकतीस वर्षं पाळलं होतं. लोक तिच्या खिडकीखाली बोचकी ठेवून निघून जायचे, ती लघवीलाही उठायची नाही. आणि त्यात संताची तसबीर. संत काचेमागून तिच्याकडे पाहत होता. तोही बिचारा कधी समुद्रावर गेला नसावा.

पलीकडे लोकांनी पँटी दुमडल्या होत्या. कुबडीवाला म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होता. सावेरियाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात ओर्तेन्सियाच्या आईचं भांडं होतं.

फोन वाजला.

"मम्मा, पोचलीस का रोचेल्लाला?"

"इंजिन बंद पडलंय."

"मी म्हटलं नव्हतं! म्हटलं होतं की नाही? थांब तिथेच. फोर्तुनातो तिकडे कामालाच गेलाय, त्याला पाठवते."

वीस मिनिटांत रस्त्यावर एक मोठी पांढरी मोटार येऊन थांबली. काचा बंद. एक काच खाली गेली, आतली गार हवा बाहेर आली आणि तिच्यामागून जावई बाहेर आला. पांढरे बूट, काळा चष्मा आणि विजयी चेहरा. तो डब्याच्या दाराशी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय मम्मा? झाली हौस? ट्रेन म्हणे ट्रेन! चला, बसा मोटारीत."

सावेरियाने त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याच्या काचेत तिला हुबेहूब कोसिमो दिसला. मग तिने मोटारीच्या मागच्या भल्यामोठ्या डिकीकडे पाहिलं. आणि अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं की मोटार कशासाठी असते.

"हो रे बाळा," ती गोड आवाजात म्हणाली. "आधी सामान घे."

फोर्तुनातोने संताला घेतलं. डबा घेतला. टोपली, खरबूज, कोंबड्या, उशी. नवव्या नगाला त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तोवर पाण्यातून परतलेली सातआठ माणसं तमाशा बघायला बांधावर जमली होती.

"आता नीट ऐक," सावेरिया त्याच्या हातात दहावा नग ठेवत म्हणाली. "संत आणि कोंबड्या रोचेल्लाच्या मठात. बहिणी कॉफी देतील, नाही म्हणू नकोस, पाप लागतं. या वांग्यांचं भांडं रिकामं करून, धुऊन, लोक्रीला ओर्तेन्सियाबाईंकडे. रिकामं देऊ नकोस, वाटेत पीच घे आणि भर. वाइन मीकोची, बरण्या पास्क्वालीनाच्या. उशीचं जेसुआल्दोंनाच विचार."

"मम्मा, मी काय हमाल आहे का?"

"छे रे! तू मोटारवाला. आम्हा ट्रेनच्या माणसांना जमत नाही ते तुला जमतं."

"पण मला घरी… आज मॅच आहे…"

बांधावरून कुबडीवाला म्हातारा कडाडला, "म्हाताऱ्या बाईने हातात दिलेलं पार्सल नाकारतोस? कुणाचा रे तू?"

फोर्तुनातोने हातातला नगही डिकीत ठेवला. शेवटी तोही इथलाच. डिकी बंद करून त्याने पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "बरं. बसा तरी."

पुढची जागा रिकामीच राहिली. सावेरिया बांध उतरत होती, दोन्ही हात आडवे पसरून, तोल सांभाळत. तीस पावलांची तिला एकेचाळीस लागली, कारण मधे थांबून तिने चपला काढल्या.

सूर्य मागे डोंगराआड गेला होता आणि पाणी फिकट जांभळं झालं होतं. लाट आली. पायांवरून गेली. परत जाताना तिने टाचांखालची वाळू ओढून नेली आणि सावेरिया जराशी खचली. पुन्हा आली, पुन्हा खचली. हात रिकामे होते, त्यांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून तिने ते तसेच लोंबू दिले.

ही जागा कुठली? ब्रांकालेओने नाही, लोक्री नाही, रोचेल्ला नाही. तिने घेतलेल्या नावांत ही नव्हतीच.

मागून शिट्टी वाजली. नवं इंजिन लागलं होतं. नीकोदेमो बांधावरून ओरडत होता, पण प्रवासी अर्धा मैल पसरले होते, वारा समुद्रावरून येत होता आणि दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला होता. कुणी वळूनही पाहिलं नाही.

सावेरियाने घोटाभर पाण्यात उभ्या उभ्या श्वास घेतला.

"गाडी निघत आहे!" तिने हाक दिली. आवाज खणखणीत होता, अकरा वर्षं कुलुपात ठेवूनही गंज नव्हता. "रोचेल्ला! मोनास्तेराचे! सोवेरातो! कातान्झारो लीदो!"

किनाराभर माणसं ताठ झाली. आया पोरांना उचलून धावल्या, सैनिक बूट हातात घेऊन धावले. एक बाई धावता धावता म्हणाली, "चला चला, स्टेशन आलं!"

सगळे चढले तरी गाडी निघाली नाही. नीकोदेमो दारात उभा राहून म्हणाला, "सावकाश या, दोन्ना सावेरिया. तुम्ही हाक दिल्याशिवाय निघतेय का!"

*

रोचेल्ला आलं. किल्ल्यावर दिवे लागले होते. सावेरिया खिडकीशी बसून होती, कोपर काठावर, मांडीवर फक्त पिशवी. ती उठली नाही.

"तुमचं तिकीट इथपर्यंतच आहे," नीकोदेमो म्हणाला.

"पुढचं फाड."

"कुठपर्यंत?"

"मी जिथपर्यंत नावं घ्यायचे, तिथपर्यंत."

"आज परतीची गाडी नाही मिळायची मग. लीदोला माझी बहीण खोल्या देते, सांगू का तिला?" मग तो घाईघाईने म्हणाला, "मी काही पार्सल देत नाहीये हं!"

सोवेरातोच्या अलीकडे फोन वाजला. तेक्ला रडकुंडीला आलेली होती.

"मम्मा, फोर्तुनातो कुठाय? तो म्हणे मठात गेला, तिथे त्याला कॉफी दिली, मग जेवायला बसवलं. आता लोक्रीला जातो म्हणाला भांडं द्यायला, आणि तेव्हापासून फोन उचलत नाही!"

"झोपवला असेल," सावेरिया म्हणाली.

"कुणी?"

"ओर्तेन्सियाने. तू काळजी करू नकोस. दोन दिवसांत येईल. रिकाम्या हाताने काही येणार नाही."

"आणि तू? तू कधी येतेस? समुद्र कुठे पळून जातोय का मम्मा, की आजच्या आज…"

सावेरियाने खिडकीबाहेर पाहिलं. अंधार पडत होता, गाडी वेगात होती, आणि तिच्या बाजूने, अगदी काचेला लागून, समुद्र मागे मागे पळत होता. कालपासून चार जणांनी तिला तो पळत नाही म्हणून सांगितलं होतं. ते चारही जण कधी ट्रेनमध्ये बसले नव्हते.

तिने फोन पिशवीत टाकला, चपला पायांतून काढल्या आणि उलट्या करून झटकल्या. मूठभर वाळू डब्याच्या फरशीवर सांडली.

नीकोदेमो तिकडून येत होता. त्याने वाळूकडे पाहिलं आणि सवयीने कोपऱ्यातल्या झाडूकडे हात नेला.

"राहू दे," सावेरिया म्हणाली. "ती माझी आहे."